क्लासिक मोटारसायकलींची मासिकं: एका आरोपपत्राची उलटतपासणी

जुन्या मोटारसायकलींच्या नादी लागलेल्या मंडळींमध्ये एक मत आता सिद्धांतासारखं रुजलं आहे. क्लासिक मोटारसायकलींच्या मासिकांची वर्गणी भरणं म्हणजे पैशाचा चुराडा. तीच ट्रायम्फ बॉनव्हिल, तीच बीएसए गोल्ड स्टार, तीच नॉर्टन कमांडो. मुखपृष्ठ फिरून फिरून त्याच तीन गाड्यांवर येतं. आत तेच किस्से, तीच छायाचित्रं आणि त्याच चुका. पूर्वीची साप्ताहिकं म्हणे रोखठोक होती आणि आताचे संपादक लिलाववाल्यांच्या ताटाखालची मांजरं झालेत. त्यावर कळस म्हणजे, फुकटचे व्हिडिओ असताना छापील कागदाला पैसे मोजायचेच कशाला, हा सवाल.

या आरोपपत्रातली निम्मी कलमं खरी आहेत. त्यावरून काढलेला निकाल मात्र साफ चुकलेला आहे. आरोप करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती पूर्वीची साप्ताहिकं वाचलेली नसतात, फक्त भिंतीवर टांगायला त्यांची मुखपृष्ठं घेतलेली असतात. आणि आताची मासिकं त्यांनी उभ्याउभ्या चाळलेली असतात, पत्रांच्या पानापर्यंत न पोचता.

आधी सुवर्णयुगाचा हिशेब करू. इंग्लंडात १९०३ साली निघालेलं 'द मोटर सायकल' आणि त्याचं प्रतिस्पर्धी 'मोटर सायकलिंग' ही दोन साप्ताहिकं अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकमेकांशी झुंजत राहिली. वेष्टनाच्या रंगावरून वाचक पहिल्याला 'निळं' आणि दुसऱ्याला 'हिरवं' म्हणत. लिहिणारी माणसं तोलामोलाची होती, यात वाद नाही. 'हिरव्या'चे संपादक ग्रॅहम वॉकर हे १९३१ साली आइल ऑफ मॅनची लाइटवेट टीटी जिंकलेले शर्यतपटू. व्हिन्सेंट कारखान्याचे अभियंते फिल आयर्विंग 'स्लाइड रूल' या टोपणनावाने तांत्रिक सदर लिहीत. 'निळ्या'त 'इक्सायन' या नावाने कित्येक दशकं लिहिणारे बॅसिल डेव्हिस पेशाने चक्क पाद्री होते, आणि त्यांचं लेखन आजही ताजं वाटतं. त्या अंकांमधली इंजिनांची उभी-आडवी छेदचित्रं पाहिली, तर आजच्या चकचकीत छायाचित्रांपेक्षा ती शंभरपट शिकवून जातात.

प्रश्न येतो तो रोड टेस्टचा. चाचणीचा तक्ता मोठा काटेकोर असे. ताशी ३० मैलांवरून गाडी थांबायला किती फूट लागले, वळायला किती जागा लागली, टॉप गियरमध्ये इंजिन झटके न देता कमीत कमी किती वेगाने चालतं, ३०, ४०, ५० आणि ६० मैलांच्या स्थिर वेगाला पेट्रोल किती जळलं, सगळं आकड्यांत. पण तक्त्याच्या बाजूचा मजकूर वाचावा तर जावयाचं कौतुक ऐकल्यासारखं वाटतं. चाचणीची गाडी कारखान्याकडून यायची, कारखान्याच्याच जाहिरातींवर साप्ताहिक चालायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसरी गाडी त्याच दाराने यायची असायची. त्यामुळे तेलगळतीचा उल्लेख आलाच तर तो ओलाव्यापुरता. कंप असलाच तर तो अमुक वेगाच्या पुढे जाणवणारा. ब्रेक बरे नसले तर ते 'सरावाने समजतात' अशा थाटात. मुरलेले वाचक ओळींच्या मधलं वाचायला शिकले होते, हे खरं. पण ज्याने पहिल्यांदाच पगारातून पैसे साठवून गाडी घ्यायचं ठरवलं, त्याला ही गुप्तलिपी कोण शिकवणार होतं?

त्या काळात ब्रिटिश मोटारसायकल उद्योग कुठे चालला होता, हे लक्षात घेतलं की ही मखलाशी किती महाग पडली ते कळतं. होंडाने १९५९ साली टीटीत पाऊल ठेवलं आणि १२५ सीसीच्या वर्गात सांघिक बक्षीस नेलं. पुढच्या वर्षी ट्रायम्फचे एडवर्ड टर्नर स्वतः जपानचे कारखाने पाहून आले. १९६६ साली असोसिएटेड मोटर सायकल्स बुडाली, १९७१ साली व्हेलोसेट मिटली, १९७३ साली बीएसए कोलमडून नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फमध्ये विरघळली. या पडझडीची चाहूल रोड टेस्टच्या पानांवर शोधू गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. तिथे सगळ्याच गाड्या छान होत्या.

अमेरिकेतही वेगळं चित्र नव्हतं. १९५० साली सुरू झालेलं 'सायकल' हे मासिक काही वर्षांतच फ्लॉइड क्लाइमर यांच्या मालकीचं झालं. क्लाइमर हे हरहुन्नरी गृहस्थ. शर्यतपटू, प्रकाशक, दुरुस्ती-पुस्तिकांचे जनक, आणि त्याचबरोबर मोटारसायकलींचे जुने व्यापारी. व्यापारी आणि परीक्षक एकाच खुर्चीत बसले की काय होतं, ते मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. जो पार्कहर्स्ट यांनी १९६२ साली 'सायकल वर्ल्ड' काढलं ते नेमकं या दुखण्यावर बोट ठेवून. गाडी वाईट असेल तर वाईट म्हणायचं, जाहिरातदार रुसला तर रुसू द्यायचा, असं त्यांचं धोरण होतं आणि त्या पायी ते आजही आठवले जातात. पुढे खुद्द 'सायकल'नेही कात टाकली. त्याचे संपादक कुक नीलसन यांनी सहकारी फिल शिलिंग यांच्यासोबत एक डुकाटी तयार केली आणि १९७७ साली डेटोनाची सुपरबाइक शर्यत स्वतः चालवून जिंकली. संपादकाच्या नखांत ग्रीस असणं म्हणजे काय, याचा हा सर्वांत देखणा पुरावा. पण हा काळ साठीच्या आणि सत्तरीच्या दशकातला. लोक ज्याला सुवर्णयुग म्हणून उसासे टाकतात त्यानंतरचा.

आता आजच्या क्लासिक मासिकांकडे वळू. 'क्लासिक बाइक' १९७८ साली निघालं, 'द क्लासिक मोटरसायकल' १९८१ साली. या मासिकांपाशी एक अशी सवलत होती जी 'निळ्या-हिरव्या'ला कधीच मिळाली नाही: ज्या कारखान्यांवर लिहायचं त्यांतले बहुतेक मेलेले होते. मेलेला कारखाना जाहिरात मागे घेत नाही. म्हणून १९७२ च्या नॉर्टन कमांडोचं 'कॉम्बॅट' इंजिन ही काय भानगड होती, दहास एक कॉम्प्रेशन देऊन ताकद वाढवल्यावर त्याचे मेन बेअरिंग कसे अकाली बाद व्हायचे आणि 'सुपरब्लेंड' बेअरिंगने ते दुखणं कसं थांबलं, हे नवशिक्या मालकाला कळलं ते या मासिकांमधून, पानंच्या पानं खर्चून. १९७१ च्या ट्रायम्फचं तेच. अंबरस्लेड हॉलच्या संशोधन केंद्रात बसून सांगाड्यातच इंजिन ऑइल साठवणारी नवी फ्रेम काढली. बैठक इतकी उंच झाली की बुटक्या माणसाचे पाय टेकेनात, आणि जोडलेलं इंजिन त्या फ्रेममध्ये बसेना म्हणून वरच्या भागात बदल करेपर्यंत उत्पादन रखडलं. कारखाना जिवंत असताना असलं काही त्याच्या जाहिरातीशेजारच्या पानावर छापून आलं असतं का, याचं उत्तर ज्याने त्याने द्यावं.

तेव्हा 'पूर्वीची मासिकं खरं बोलायची' हे कलम निकालात काढायला हरकत नाही. वर्णनाची आणि चित्रांची बाजू पूर्वीच्यांकडे, परखडपणाची आताच्यांकडे.

एक धोका मात्र आता नव्याने उभा आहे आणि त्याच्याकडे आरोप करणाऱ्यांचं लक्षच नाही. मेलेली नावं परत उठली आहेत, आणि त्यांतली बरीचशी भारतात. जावा २०१८ साली परतली, येझदी २०२२ साली. दोन्ही महिंद्र समूहातल्या क्लासिक लेजंड्सकडे. बीएसएचं नावही त्यांच्याचकडे, आणि २०२१ च्या अखेरीस नवी गोल्ड स्टार आली. नॉर्टन २०२० साली टीव्हीएसने १ कोटी ६० लाख पौंडांना घेतली. बजाज आणि ट्रायम्फची स्पीड ४०० पुण्याजवळच्या चाकणमधून २०२३ पासून बाहेर पडते आहे. रॉयल एनफिल्ड तर कधी थांबलीच नव्हती. म्हणजे ज्या नावांबद्दल चाळीस वर्षं बिनधास्त लिहिता आलं, ती नावं पुन्हा जाहिरातदार झाली आहेत, आणि त्यांचा मालच मुळात 'वारसा' हा आहे. कंपनीच्या माहितीपत्रकातला इतिहास आणि मासिकातला इतिहास यांच्यात पुढच्या दहा वर्षांत किती अंतर उरतं, ते पाहायला हवं. मैसूरची आयडियल जावा १९९६ साली का बंद पडली, याचं उत्तर फेरीच्या रंगीत छायाचित्रांनी भरलेल्या लेखात सापडणार नाही. ते शोधणं हे मासिकाचं काम आहे, कंपनीचं नव्हे.

आता त्याच-त्याच गाड्यांचं कलम. हे खरं आहे. बॉनव्हिल वारंवार येते. पण ती का येते, हा प्रश्न विचारला की दोषी कोण ते बदलतं. स्टॉलवरचं मासिक न विकलं तर परत या बोलीवर जातं. उरलेल्या प्रतींचा भार प्रकाशकावर. अशा बाजारात संपादक जुगार खेळत नाही. अनोळखी माणूस ज्या गाडीला दुरून ओळखेल तीच मुखपृष्ठावर जाते. पँथरचं तिरकं सिंगल सिलिंडर किंवा व्हिलियर्स इंजिनाची टूस्ट्रोक फ्रान्सिस-बार्नेट स्टॉलवर मार खाते. या दुखण्यावर एकच औषध आहे आणि ते म्हणजे वर्गणीदार. ज्याचे पैसे आधीच आलेत त्याला मुखपृष्ठाने भुलवायची गरज नसते. इंग्लंडातलं 'रिअलक्लासिक' हे मासिक मुख्यतः वर्गणीदारांच्या बळावर उभं राहिलं आणि त्यामुळेच त्याला कुणाच्या गॅरेजात अर्धवट पडलेल्या, मोलाने मामुली गाडीवर अंकामागून अंक लिहिणं परवडलं. वाचकच लेखक, स्वतःच्या गाडीची फजिती स्वतःच लिहिणारे. म्हणजे पुनरावृत्तीला कंटाळून वर्गणी बंद करणारा वाचक मासिकाला परत स्टॉलच्या दारात, पर्यायाने बॉनव्हिलच्याच दारात ढकलतो.

सर्वांत गंभीर कलम चुकांचं. इथे मासिकांची बाजू घेणाऱ्यांनीही मान खाली घालावी असं बरंच आहे.

काही चुका निरुपद्रवी. 'द ग्रेट एस्केप' या १९६३ च्या चित्रपटातली तारेच्या कुंपणावरून मारलेली ती प्रसिद्ध उडी स्टीव्ह मॅक्वीनच्या नावावर कितीदा तरी छापली गेली. उडी मारली ती बड एकिन्स यांनी, आणि जर्मन लष्करी गाडीचं सोंग घेतलेली ती मोटारसायकल ब्रिटिश ट्रायम्फ होती. १३ सप्टेंबर १९४८ रोजी रॉली फ्री यांनी बॉनव्हिलच्या मिठागरावर पोहण्याची चड्डी घालून, गाडीवर आडवं पडून ताशी १५०.३१३ मैलांचा वेग गाठला. ते छायाचित्र एका अंकात 'ब्लॅक शॅडो' म्हणून येतं, दुसऱ्यात 'ब्लॅक लाइटनिंग' म्हणून. खरी गोष्ट या दोन्हींच्या मधली आहे: शॅडोवर बेतलेली, पण कारखान्याने खास तयार करून दिलेली आणि पुढच्या लाइटनिंगची पूर्वज ठरलेली गाडी. त्याच मिठागरावरच्या जॉनी ॲलन यांच्या १९५६ च्या ट्रायम्फ विक्रमाचं तर विचारूच नका. ताशी २१४ मैल इथपर्यंत सगळ्यांचं एकमत; दशांश चिन्हापुढे काय, हे लेखागणिक बदलतं. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने तो विक्रम मान्य केला नाही, ही बाब तर कित्येकदा गाळलीच जाते, कारण ती सांगितली की बॉनव्हिल नावामागची कथा थोडी फिकी पडते.

काही चुका मात्र खिशाला चटका देतात. ब्रिटिश कारखान्यांचा हंगाम शरद ऋतूत सुरू व्हायचा. १९५८ च्या शेवटी बाहेर पडलेली टी१२० बॉनव्हिल ही १९५९ ची मॉडेल. लेखकाने हे ध्यानात न घेता नोंदणीची तारीख आणि मॉडेलचं वर्ष एकच धरलं, तर वाचक आपल्या गाडीला भलत्याच वर्षाचे भाग शोधत हिंडतो. आपल्याकडे हाच घोळ राजदूत ३५० बाबतीत. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काढलेल्या या गाडीचे एचटी आणि एलटी असे दोन अवतार. पहिला साडेतीस अश्वशक्तीचा, दुसरा सत्तावीसचा. लेखात मात्र परदेशी यामाहा आरडी ३५० चा एकोणचाळीसचा आकडा बेधडक चिकटवलेला सापडतो. मग विकणारा त्याच लेखाची झेरॉक्स दाखवून भाव सांगतो.

आट्यांची चूक आणखी वाईट. पाव इंची बीएसएफ आणि पाव इंची सायकल आटे, दोन्हींना इंचाला सव्वीस फेरे. पण पहिल्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. पाव इंची यूएनएफला अठ्ठावीस फेरे. ट्रायम्फने साठीच्या दशकाच्या शेवटाकडे हळूहळू यूएनएफकडे मोहरा वळवला, तो एका रात्रीत नाही. मासिकात नुसतं 'पाव इंची बोल्ट' असं लिहून सोडलं, की दूरच्या गावातला मालक चुकीचा बोल्ट दोन फेरे हाताने जातोय म्हणून पुढे पान्याने आवळतो आणि ॲल्युमिनियमच्या क्रँककेसचे आटे खलास करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या बीएसए एम२०, नॉर्टन १६एच आणि मॅचलेस जी३एल या गाड्या भारतात भरपूर राहिल्या. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात व्हिटवर्थचे पाने शोधणारे मेकॅनिक अजून भेटतात ते त्यांच्याच मुळे. त्यांच्या कामात चार ओळींची तांत्रिक चूक म्हणजे एक बाद झालेलं क्रँककेस, आणि नवं क्रँककेस कुठल्या कारखान्यातून येणार?

मग आरोप करणाऱ्यांचं बरोबरच की, असं कुणी म्हणेल. नाही. कारण या सगळ्या चुका पकडल्या कुणी? वर दिलेल्या उदाहरणांपैकी अनेकांची दुरुस्ती छापूनच झाली. कधी त्याच मासिकाच्या पत्रांच्या पानावर, कधी प्रतिस्पर्ध्याच्या लेखात, कधी क्लबच्या मुखपत्रात. 'टिच' ॲलन यांनी १९४६ साली स्थापन केलेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे कारखान्यांच्या रवानगी-वह्या आहेत. कुठल्या क्रमांकाचं इंजिन कोणत्या दिवशी कुठल्या विक्रेत्याला गेलं, हे तिथे पाहता येतं. 'निळ्या-हिरव्या'ची काचेची छायाचित्रं आणि कागदपत्रं आज लिंकनशायरमधल्या हॉर्नकॅसल गावी मॉर्टन्स या प्रकाशनसंस्थेच्या संग्रहात आहेत. म्हणजे पुरावा आहे, तो चाळणारी माणसं आहेत, आणि त्यांचं म्हणणं मांडायला ठरलेली जागा आहे. त्या जागेवर चूक छापली गेली की ती पुढच्या अंकात खोडली जाऊ शकते, आणि खोडल्याची तारीख, पान आणि खोडणाऱ्याचं नाव कायमचं राहतं.

व्हिडिओचं असं होत नाही. लाखो लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओत कुणी टॉर्कचा आकडा चुकीचा सांगितला, तर खाली कुणीतरी ओळभर हरकत घेतो आणि ती हजार 'मस्त भाऊ'च्या खाली गाडली जाते. मूळ चूक जशीच्या तशी वाजत राहते. व्हिडिओंनी पुष्कळ शिकवलं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. क्लच उघडताना हात कसा फिरतो ते छापील पानावरून कधीच कळणार नव्हतं. पण उद्या हरकत घ्यायची वेळ आली तर दाखला म्हणून पुढे करता येतो तो अंक, महिना आणि पान.

लिलावाच्या कलमाकडे यायला हवं, कारण ते सर्वांत बोचरं आहे. जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगासला बोनहॅम्सच्या लिलावात जॅक एरेट यांची १९५१ ची व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग ९,२९,००० डॉलरना गेली. त्यानंतर ज्याच्या शेडमध्ये व्हिन्सेंटचा एखादा मडगार्ड होता तोही लक्षाधीशाच्या थाटात बोलू लागला. मासिकांनी त्या बातम्या मोठ्या टायपात छापल्या. हातोडा पडला ती रक्कम, खरेदीदाराचा अधिभार धरलेली रक्कम आणि विकणाऱ्याच्या हाती पडलेली रक्कम या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे किती ठिकाणी समजावून सांगितलं गेलं? फार थोड्या. शिवाय मासिकं काढणाऱ्या संस्थाच जत्राही भरवतात. स्टॅफर्डची प्रसिद्ध क्लासिक मोटारसायकल जत्रा मॉर्टन्सचीच, आणि तिथेच लिलावही रंगतात. यात बेकायदा काही नाही. पण जो किमतीच्या बातम्या छापतो, तोच किंमत ठरते त्या मैदानाचा यजमान असेल, तर ते वर्गणीदाराला अंकातच ठळकपणे सांगितलेलं हवं.

किमतीपाठोपाठ येतो तो अस्सलपणा. २०१४ साली 'ईझी रायडर' चित्रपटातली म्हणून एक 'कॅप्टन अमेरिका' चॉपर कॅलिफोर्नियात १३ लाख ५० हजार डॉलरची बोली मिळवून गेली. त्या चित्रपटाशी संबंधित अभिनेते डॅन हॅगर्टी यांच्या शब्दावर तिचा अस्सलपणा उभा होता. मग असं निघालं की त्यांनी दोन वेगवेगळ्या गाड्यांना अस्सल म्हटलं होतं, आणि नंतर लिलावातली खरी नव्हे असंही सांगितलं. अशा प्रकरणात मासिकाचं काम काय? इंजिन क्रमांक, सांगाड्याचा क्रमांक, जुनी छायाचित्रं आणि वेल्डिंगच्या खुणा समोरासमोर ठेवणं. ज्या मासिकाने ते केलं नाही आणि फक्त आकड्यावर डोळे विस्फारले, त्याला खुशाल नावं ठेवावीत. पण ठेवताना मासिकाचं नाव, अंक आणि पान सांगून ठेवावीत. 'सगळे विकले गेलेत' असं म्हटलं की ज्याने खरोखर तपास केला त्याची मेहनतही रद्दीत जाते.

प्रकाशकांची एक ठरीव सबब असते: आम्ही संशोधनपत्रिका चालवत नाही, वाचकाला चार घटका आनंद देतो. ही सबब चालणार नाही. मासिकात 'विकत घेण्याआधी' म्हणून मार्गदर्शक छापायचे, दुरुस्तीच्या मालिका चालवायच्या, किमतींचे तक्ते द्यायचे, आणि चूक दाखवली की करमणुकीच्या आड लपायचं, हे दोन्ही एकदम होत नाही. अमेरिकेतलं 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' १९३६ पासून जाहिरात न घेता, वस्तू स्वतः बाजारातून विकत घेऊन तपासत आलं आहे. क्लासिक मासिकाला ते जमणार नाही, मान्य. पण ज्या गाडीवर लेख लिहिला ती कुणाची होती, ती विक्रीला होती का, लेखकाने ती पाच मैल चालवली की पाचशे, हे तीन ओळींत सांगायला जाहिरात आड येत नाही. आणि कारखान्याशी नातं असूनही वाचकाशी प्रामाणिक राहता येतं, याची साक्ष मराठी नियतकालिकांच्या इतिहासातच आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची खबर म्हणून १९२० साली सुरू झालेलं पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक होऊन महाराष्ट्रभर वाचलं गेलं, ते नांगरांची स्तुती करून नव्हे.

वर्गणीचा व्यवहार मात्र सुधारायलाच हवा, आणि इथे वाचकांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे. वर्गणीदार वर्षभराचे पैसे आधी देतो. म्हणजे तो प्रकाशकाला बिनव्याजी कर्ज देतो. १९९१ साली 'सायकल' बंद झालं. १९१२ पासून चालत आलेलं 'मोटरसायक्लिस्ट' २०१९ साली छापायचं थांबलं. 'सायकल वर्ल्ड' मासिकाचं त्रैमासिक झालं आणि २०२० साली त्याचीही छपाई संपली. मासिकं मरतात, त्याला इलाज नाही. पण मासिकाऐवजी पडद्यावरची आवृत्ती हातात ठेवणं म्हणजे पैसे फेडणं नव्हे. पडद्यावरच्या अंकांचं तर आणखी एक दुखणं आहे: वर्गणी संपली की जुने अंकही गायब. ज्या वाचकाने दहा वर्षं पैसे भरले त्याच्याकडे अकराव्या वर्षी एकही पान उरत नसेल, तर तो अंकांचा मालक नव्हता, भाडेकरू होता, आणि हे त्याला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. भारतातल्या वर्गणीदाराची तर तिहेरी रडकथा. विलायती मासिकाच्या वर्गणीत टपालखर्चाचा मोठा वाटा, अंक उशिरा, आणि गहाळ झाला तर पत्रव्यवहारात दोन महिने. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या अंकांचे ढीग लागायचे तेव्हा कित्येकांनी आपला संग्रह तिथूनच उभा केला, तो काही हौसेखातर नव्हे. वर्गणी परवडत नव्हती म्हणून.

आणि त्या ढिगांतून एक गोष्ट आपोआप सिद्ध होत होती. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा अंक लोक पैसे देऊन नेत होते, कारण त्यातला मॅग्नेटो उघडण्याचा लेख अजून कामाचा होता. गाड्यांचे भाव दहापट झाले, लेखातलं टायमिंग तेच राहिलं. ज्या अंकात फक्त जत्रेची छायाचित्रं आणि लिलावाचे आकडे होते, तो ढिगात तळाशीच पडून राहायचा. मासिकाचा दर्जा मोजायची याहून कडक फूटपट्टी कुणी सुचवली तर ऐकायला आवडेल.

वर्गणी भरावी की नाही, हे ठरवायला एक साधी रीत पुरेशी आहे. त्या मासिकाचा एखादा वर्षभर जुना अंक मिळवावा आणि मुखपृष्ठावरची गाडी सोडून थेट पत्रांचं पान काढावं. तिथे वाचकांनी काढलेल्या चुका छापलेल्या आहेत का, संपादकाने त्या मान्य केल्यात का, तांत्रिक लेखात आट्यांचं माप आणि मॉडेलचं वर्ष दिलंय का, लेखातली गाडी कुणाची ते सांगितलंय का, हे पाहावं. हे असेल तर वर्षाचे पैसे बिनधास्त पाठवावेत. नसेल तर पाठवू नयेत, आणि का पाठवत नाही ते संपादकाला कळवावं. आणि वर्गणीदार झाल्यावर पहिली चूक दिसेल त्याच दिवशी अंक, पान आणि पुराव्यासह पत्र लिहावं.